अजमतबीचं मत

आमच्या गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान आहे आणि तिच्यावर जाड निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'एकमताचं गाव'. युसूफ वडगावकडून आलात की दिसेल. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही; सांगितलं तर इथले लोक मला एकमतानं बडवतील. एकमत म्हणजे आमच्याकडे काय, तर अर्जुनरावांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. वीस वर्षं आमची ग्रामपंचायत बिनविरोध निघाली. अर्जुनरावांच्या बैठकीत नावं ठरायची, जेवढ्या जागा तेवढेच अर्ज केजला तहसिलीत जायचे, की झाली निवडणूक. मग पेढे. तालुक्यात या प्रकाराला आदर्श म्हणतात आणि अर्जुनरावांना बोलावून शाली घालतात. मला त्या शालींची शिसारी आहे.

मी मुंजाजी. चावडीसमोर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. दुकानापुढच्या बाकावर जगाचं राजकारण चालतं. दिल्लीत काय चुकलं, अमेरिकेनं काय करायला हवं होतं, हे तिथला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. दलित वस्तीकडे जाणारी नाली तीन पावसाळे तुंबलीय, असा विषय काढला की मात्र सगळ्यांना एकदम जनावरांचं चारापाणी आठवतं. या देशभक्तांना मी इतकी वर्षं चहा पाजतोय. माझ्या तोंडाची चव गेली असेल तर नवल नाही.

या गावात अजमतबी राहते. मणेराची, बांगडीवाल्याच्या घरातली बाई, पासष्टीच्या पुढची, ठेंगणी, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अरमान अंबाजोगाईत गाड्या दुरुस्त करतो, मतही तिकडेच देतो; आईला चल म्हणतो, ती जात नाही. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर फिरते. गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिनं धरलेला आहे. अंगठ्याखालचं हाड दाबून, हात असा काही मऊ करते की आडमाप मनगटातही लहान बांगडी चढते आणि बाईला कळत नाही. तोंड मात्र तिखट. एखादीनं 'चाची, बांगडी फुटली' म्हटलं की ही टोपली उचलून चालू लागते. बांगडी फुटत नाही, वाढते, असं म्हणायचं. सवाष्णीच्या घरात अभद्र बोलायचं नाही. हे शास्त्र आमच्या बायकांना मुसलमान बाईनं शिकवायचं, एवढी आमची संस्कृती शाबूत.

दुसरं शास्त्र मतदानाचं. लोकसभा असो, विधानसभा असो, अजमतबी शाळेच्या दारात पहिली. ईदला काढते ते लुगडं त्या दिवशी काढायची. बाकावरचे टवाळ म्हणायचे, "चाची, तुज्या नावातच मत हाय की." ती म्हणायची, "नावात हाय, डोक्यात बी हाय. तुमच्या कुटं हाय ते बगा."

मी एकदा तिला विचारलं होतं, एवढं काय त्यात? तिनं टोपली खाली ठेवली आणि बापाची गोष्ट सांगितली. बाप इसाक मणेर. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत भाऊबंद हैदराबादेकडे गेले, हा गेला नाही. पुढं पहिली निवडणूक आली तेव्हा बायकोला बैलगाडीत घालून मत टाकायला घेऊन गेला. लोक हसले. "आब्बा म्हनायचे, ज्याला हाकलून लावायचंय त्याची कुनी हाजिरी घेत न्हाई. आपली घेतली. आपल्या मुलकानं नाव पुकारलं की हाजिर म्हनायचं. आपन गप ऱ्हायलो तर दुसराच कुनीतरी आपल्या नावावर हाजिर म्हनतो." बाकावर मी देशप्रेमावर पुष्कळ ऐकलंय. एवढं सरळ कुणी बोललेलं आठवत नाही.

गेल्या पंधरा ऑगस्टला अर्जुनरावांनी झेंडा चढवला आणि भोंग्यावरून तासभर देश केला. हुतात्मे झाले, सीमेवरचे जवान झाले, मग हळूच गाडी पंचायतीवर आली. "गावाची एकी हीच देशाची एकी. विरोध म्हंजे फूट, अन् फूट पाडनारा देशाचा वैरी." यंदा सरपंचपद बाईला सुटलेलं. त्यांनी सांगून टाकलं, की आमच्या सूनबाई संस्कृती सरपंच होतील, गावानं बिनविरोध आशीर्वाद द्यावा. संस्कृती व्यासपीठाच्या कडेला पदर घेऊन उभी होती. अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकलेली पोर, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. स्वतःचं नाव ऐकून तिनं दचकून नवऱ्याकडे, शिवशंकरकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. उद्या सरपंच कोण होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. तोच होणार होता, सही तेवढी तिची लागणार होती.

टाळ्या थांबल्यावर बायकांच्या रांगेतून आवाज आला. "मालक, एकमत म्हंजे एकच मत का? बाकीच्यांची कुटं गेली?"

लोक हसले. अर्जुनरावही हसले. थोर माणसं गरिबाच्या बोलण्याला हसतात तसं हसले आणि पोरांना बुंदी वाटायला सांगितलं.

अर्ज भरायचे दिवस आले तशी अजमतबी दुकानात आली. "मुंजाजी, बाबा, मला केजला घिऊन चल. अर्ज भरायचाय."

"चाची, सरपंच व्हायचंय का तुला?"

"सरपंच कावून व्हायचंय? मला मत टाकायचंय. समोर कुनी उभं न्हाई तर मशीन येत न्हाई, मशीन न्हाई तर मत न्हाई. दुसरं कुनी उभं ऱ्हात असंल तर मी लगेच मागं सरते."

दुसरं कुणी उभं राहत नव्हतं. मी बाकावर सहज विषय काढून पाहिला तर एकेकाला खोकला आला. शेवटी मी तिला मोटारसायकलवर बसवलं आणि केजला नेलं. कागदपत्रांचा घोळ मी सांगत बसत नाही, तहसिलीत जे सगळ्यांचं होतं तेच आमचं झालं. अर्ज मंजूर झाला. सदस्यांच्या जागा नेहमीसारख्या बिनविरोध निघाल्या, सरपंचपदाला मात्र दोन नावं उरली. चिन्ह निवडायची वेळ आलीच तर यादीत बांगड्या होत्या, त्या मागायच्या असं तिनं मनाशी ठरवलं.

गावात आग लागली. अर्ज मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत तिच्या दारात माणसं सारखी येत होती. आधी गोड बोलले, तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून देतो म्हणाले. मग अंबाजोगाईत अरमानच्या गॅरेजवर चार जण जाऊन नुसते उभे राहिले. पोरानं घाबरून फोन केला, अम्मी, राहू दे. ती म्हणाली, "तुज्या गॅरेजात गाडी येती तवा तू गिऱ्हाइकाला भिऊन बिरेक काडून देतो का?" आणि फोन ठेवला. शेवटी अर्जुनराव स्वतः आले. मी तिथेच होतो. ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलले.

"अजमत, तुजा बाप हितं राहिला तवा माज्या बापानं त्याला आसरा दिलता. आटवन हाय का?"

"हाय की, मालक. म्हनून तर हितं हाय."

"मग गावाच्या विरोधात कावून चाललीस? तुमच्या लोकांनी तरी असलं करू नये. लोक काय म्हनतील?"

'तुमच्या लोकांनी'. पन्नास वर्षं हाताला हात लावून बांगड्या भरल्या, बाळंतिणींच्या उशाला रात्री काढल्या आणि वेळ आली की तुमचे लोक. मला तिथेच थुंकावंसं वाटलं. अजमतबी शांतपणे म्हणाली, "मी गावाच्या विरोधात न्हाई. मी सूनबाईंच्या बी विरोधात न्हाई. त्या निवडून येऊ द्या. पर निवडून येऊ द्या, मालक."

अर्ज राहिला. बांगड्या मिळाल्या.

आता चिन्ह बांगड्या म्हटल्यावर शिवशंकरच्या टोळक्याला चेव आला. प्रचार कसला, तमाशाच. पोरं मोटारसायकलवरून मनगटं नाचवत फिरायची. पण त्यांचं खरं हत्यार वेगळंच होतं. आपल्या भाषेत मत फुटतं. घरात एक ठरलेलं असताना कुणी भलतीकडे टाकलं की मत फुटलं म्हणतात. शिवशंकरनं कुजबुज सोडली, की जिचं मत फुटेल तिची बांगडी फुटेल. वाढेल नाही, फुटेल. मतदानाच्या आदल्या सकाळी बायका सडा घालायला बाहेर आल्या तर कितीतरी उंबऱ्यांवर हिरव्या काचांचे तुकडे पडलेले. आमच्याही दारात होते. माझी बायको अंजना धीराची, पण तिचाही हात छातीशी गेला. मोठ्या माणसांनी, मिशा असलेल्या माणसांनी, आयाबायांना घाबरवायला पहाटे उठून काचा पेरल्या, यापेक्षा हलकं काम माझ्या पाहण्यात नाही.

अजमतबी हातात खराटा घेऊन निघाली आणि दारोदारच्या काचा गोळा करू लागली. काही बायकांनी दार लावून घेतलं. एकीनं आतूनच ओरडून सांगितलं, चाची, पुन्हा इकडं येऊ नको. ती पुढच्या दाराकडे वळली. आमच्या दारात आली तेव्हा काचा सुपात घेऊन उजेडात धरल्या आणि म्हणाली, "हे माज्याकडचं सामान न्हाई. हलकी काच हाय." तेवढंच तिला लागलं होतं की काय कोण जाणे. डोळे मात्र ओले होते.

मतदानाला ती ईदचं लुगडं नेसून पहिली हजर होती. डाव्या बोटाला शाई लावून घेतली, मशीनजवळ गेली, बाहेर आली, आणि नियमाप्रमाणे लांब, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसली. शिवशंकरचे ट्रॅक्टर बायका भरभरून आणत होते. कधी नव्हे ते शाळेबाहेर रांग लागली. आमच्या गावात लग्न होऊन आल्यापासून पंचायतीला एकदाही मत न दिलेल्या बायका त्या रांगेत होत्या, कुणाच्या लेकी लग्नाला आलेल्या. प्रत्येकीला अजमतबीच्या विरोधात मत द्यायला आणलं होतं. कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीच्या डाव्या हाताकडे बघत होती आणि तिचा चेहरा फुललेला होता. मी म्हणालो, "चाची, ही सगळी मतं तिकडं चाललीत." ती म्हणाली, "जाऊ दे की. हाजिर तर म्हनल्या."

निकाल केजला लागला. संस्कृती निवडून आली, शेकड्यांनी. अजमतबीला तेवीस मतं पडली.

एवढ्यावर सुखानं राहावं की नाही? गुलाल उधळावा, डीजे लावावा, झोपावं. पण वीस वर्षं ज्यानं एकमत खाल्लं त्याला तेवीस मतं घशात अडकली. गावात मुसलमानांची चार घरं, त्यांनी आधीच मालकांना शब्द देऊन टाकलेला. मग तिचं स्वतःचं सोडलं तर बाकीची कुणाची? शिवशंकरचं गणित ठरलेलं, बांगड्यांना बायकांशिवाय कोण देणार. दुसऱ्याच दिवशी दवंडीऐवजी भोंगा फिरला. महादेवाच्या देवळात सगळ्या घरच्या बायकांनी यावं आणि बेलभंडारा उचलावा. आमच्याकडे बेल आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोललं की वंश बुडतो, अशी समजूत आहे. थाळीतला बेलभंडारा उचलायचा आणि म्हणायचं, मी बांगड्यांना मत दिलं नाही. जिचा हात थरथरेल ती सापडली.

गुप्त मत असं उकरून काढणं गुन्हा आहे. हे त्या देवळात जमलेल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं, शाळेतल्या मास्तरांना तर पाठ असेल. सगळे खांबांना टेकून उभे होते. आपापल्या बायका रांगेत लावून, त्या खरं बोलतात की खोटं ते बघायला आले होते. घाम, उदबत्ती आणि कालचा गुलाल यांचा एक कुबट वास सुटला होता. रांगेत अंजनाही होती. मी तिला येऊ नको म्हणालो होतो. ती म्हणाली होती, "न गेलं तर ती मीच, असं होतंय न्हवं?" आणि पदर खोचून निघाली होती.

अजमतबी देवळाच्या पायऱ्यांपाशी, चपलांच्या शेजारी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिचा चेहरा पहिल्यांदाच मला म्हातारा दिसला. मला म्हणाली, "माज्यापायी ह्या बायांवर हे आलं, मुंजाजी. मी आत जाऊन सांगू का, की ती समदी मतं मीच चोरून टाकली म्हनून?"

"मशीनमध्ये तसं होत नसतं, चाची."

"त्यांना कुटं कळतंय," ती म्हणाली.

अर्जुनराव गाभाऱ्यापुढं उभे राहिले. गळ्यात कालचे हार तसेच होते. म्हणाले, "कुनाला वाटंल मालक दुजाभाव करतो. तसं न्हाई. सुरुवात आपल्या घरापासून. सूनबाई, या. सरपंचांनीच पैला बेलभंडारा उचलायचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यायी माणूस, असं माझ्या मागं कुणीतरी पुटपुटलंही.

संस्कृती पुढं आली. पुजाऱ्यानं थाळी धरली. पिवळा भंडारा, वर बेलाची पानं. खरं तर किती सोपं होतं. ती स्वतःच उमेदवार, तिनं स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाला मत द्यायचं कारण काय? शिवशंकर मोबाइलवर तिचा व्हिडिओ घ्यायला पुढं सरसावला.

ती थाळीकडे बघत राहिली. हात दोन्ही बाजूंना होते. हातात काचेचा हिरवा चुडा, अजमतबीनंच भरलेला.

"उचला, सूनबाई," अर्जुनराव म्हणाले.

"न्हाई उचलत, मामा."

इतका बारीक आवाज होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल. पण थाळी तशीच राहिली हे सगळ्यांना दिसलं. अर्जुनरावांचं तोंड उघडंच राहिलं. शिवशंकरचा मोबाइल अजून वरच होता; त्यानं तो खाली घेतला आणि एक पाऊल पुढं टाकलं. "उचलत न्हाई म्हंजे? कुनाला टाकलं बे तू मत? बोल."

पायऱ्यांवरून अजमतबीचा आवाज आला. भोंगा नव्हता, तरी देऊळभर ऐकू गेला. "ती सांगनार न्हाई, शिवशंकर. तिनं सांगायचं नसतं अन् तू इचारायचं नसतं. मला बी ऐकायचं न्हाई."

संस्कृती वळली. रांगेतून मागे येऊन, चपला घालून, कुणाकडेही न पाहता घराकडे निघाली. शिवशंकर बापाकडे बघत होता आणि बाप पुजाऱ्याकडे. पुजारी थाळी धरून उभा होता, त्याला ती कुठे ठेवावी कळत नव्हतं. सरपंचच बेलभंडारा उचलत नाहीत तर आता पुढच्या बाईला कोणत्या तोंडानं सांगणार? रांगेतली म्हातारी वत्सलाबाई पहिली हलली. तिनं पदर सावरला आणि सुनेच्या हाताला धरून बाहेर आली. मग दुसरी, मग तिसरी. पायऱ्या उतरताना एक-दोघींनी अजमतबीच्या खांद्यावर हात ठेवला, तोही जिना उतरताना आधाराला ठेवतात तसा. खांबांना टेकलेले पुरुष तसेच टेकून राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मीही त्यांच्यातच उभा होतो.

अंजना बाहेर आली तेव्हा मी तिच्याबरोबर चालू लागलो. चावडी आली. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, अगदी दातांपर्यंत. तेवीस मतांतलं एक तुझं होतं का, एवढाच. आम्ही नवराबायको, तिसरं कुणी जवळ नाही, विचारायला काय हरकत होती? मी तिच्याकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं, थांबून, नीट, शिवशंकरकडे बघावं तसं.

मी काही विचारलं नाही.